झोपलेला रिक्षावाला, कोळीण-मांजर आणि एक बकरी: मातीकामाच्या नोंदी

८ जून
आधी काम काय ते सांगते. आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये खाली काका राहतात, ठाणे स्टेशनबाहेर ३१ वर्षं रिक्षा चालवली, आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून घरी. १५ ऑगस्टला त्यांची पासष्टी. त्यांची मुलगी म्हणाली, बाबांचं मातीचं काहीतरी कर, पण तो फोटोसारखा चेहरा वगैरे नको, रिक्षात मागच्या सीटवर झोपायचे ना दुपारी, तसे कर. आणि बाबांना कळता कामा नये. ४००० ठरले.

मी १५ वर्षांपूर्वी पेणकडच्या एका गणपती कारखान्यात तीन सीझन हाताखाली काम केलंय, त्यामुळे हात बसलाय, पण शाडूची सवय. शाडू भाजत नाहीत, नुसती सुकवायची. हे काम भाजायचं आहे, म्हणजे टेराकोटा, आणि भाजायचं म्हटलं की सगळे नियम बदलतात हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं.

भट्टी माझी नाही. ऐरोलीला एका ताईंकडे इलेक्ट्रिक भट्टी आहे, अर्धी भट्टी १४०० ला देतात. एकाच मूर्तीसाठी अर्धी भट्टी कशाला, म्हणून सोबत अजून दोन स्वतःसाठी करते. एक कोळीण आणि मांजर, एक बकरी.

आज माती आणली. धारावीच्या कुंभारवाड्यातून, २० किलो, ६४०. वर खापराची भरड पूड १५०. सायनहून कळवा स्लो लोकल, लगेजच्या डब्यात. एका भाजीवाल्या मावशींनी गोणी बघून विचारलं काय आहे, म्हटलं माती, तर म्हणाल्या माती विकत आणतेस?

११ जून
माती मळली. चार किलो मातीला साधारण मूठ-दीड मूठ खापराची पूड. पुडीमुळे माती कमी आकसते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. हाताला मात्र सँडपेपर लावल्यासारखं होतं, संध्याकाळी कणीक मळताना कळतं.

टेस्टची एक पट्टी केली, त्यावर सुईने बरोबर १० सेंमीची रेघ. ही पट्टी करायचा कंटाळा करू नका. ती सुकली, मग ताईंच्या आधीच्याच एका राउंडमध्ये भाजून आली तेव्हा रेघ ९.१ भरली (हे नंतर लिहितेय, २१ तारखेला कळलं). म्हणजे ९ टक्के आकसते. मला सीट २८ सेंमी लांब हवी तर ओली असताना ३१ करायची.

१५ जून
चेंदणी कोळीवाड्यात जाऊन आले, स्केचबुक घेऊन. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की कोळीण कोयत्याने सुरमई कापतेय आणि मांजर तिच्या तोंडाकडे बघतेय. ते कुठलं दिसायला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जी माणसं बसली होती त्यांच्यासमोर सुके बोंबील, सुकट, जवळा. गिऱ्हाईक नाही. एक बाई हनुवटी तळव्यावर टेकून बसलेली, कोपर गुडघ्यावर, आणि तिची मांजर टोपलीकडे पाठ करून बसलेली, रस्त्याकडे तोंड. दोघींनाही माहीत की आज काही होणार नाहीये.

सुरमईवालं चित्र रद्द. हे जास्त चांगलं आहे. शिवाय हात हनुवटीखाली आला की डोक्याला मातीतच आधार मिळतो, मान तुटायची भीती अर्धी कमी.

१९ जून
रिक्षावाला बसवला. बसवला म्हणजे झोपवला. सीट, त्यावर माणूस आडवा, डोकं डाव्या बाजूला, गुडघे वर, एक हात खाली लोंबतोय, तोंड थोडं उघडं. चार तास. अंगाचं प्रमाण ठीक जमलं, शर्टाच्या पोटावरच्या सुरकुत्या तर मस्तच आल्या.

पण बघितलं की काहीतरी चुकतंय. तोंड थोडं मिटवलं. भुवया बदलल्या. डोळ्यांच्या पापण्या दोनदा कापून परत लावल्या. दीड तास फक्त चेहऱ्यावर गेला आणि जेवढं करावं तेवढं ते जास्तच विचित्र दिसायला लागलं. ओलं फडकं टाकून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून झोपले.

२१ जून
सरप्राइज संपलं. मी बाल्कनीत फळी धुतली, लाल पाणी पाइपमधून न जाता कडेने खाली गेलं आणि काकांच्या धुतलेल्या बनियनांवर. काका वर आले भांडायला. दार उघडंच होतं, आणि टेबलावर तो उघडा ठेवलेला. काकांनी बनियन बाजूला ठेवलं, चष्मा काढून पुसला, वाकून बघितलं आणि विचारलं, "हा कोण मेलाय?"

झालं. दोन दिवस मला जे कळत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मग खरं काय ते सांगावंच लागलं. ते बसले, चहा झाला, आणि मग त्यांनी माझी शाळा घेतली. एक तर डोकं उलट्या बाजूला. रिक्षाची उजवी बाजू दांड्याने बंद असते, डोकं कायम तिकडे आणि पाय उघड्या बाजूला. "का माहितीये का? पॅसेंजर येतो तो हलवूनच उठवतो. पायाला हलवलेलं परवडतं, डोक्याला हलवलं की दिवस खराब." दुसरं, हात असा लोंबत नाही. सकाळचा धंदा शर्टाच्या खिशात असतो, हात खिशावर. कितीही गाढ झोप लागली तरी हात खिशावरून हलत नाही. तिसरं, बिल्ला कुठाय?

एवढं सांगून खाली गेले, बनियन इथेच विसरून.

२२ जून
सकाळीच तंगुसाने (नायलॉनच्या बारीक दोऱ्याने) मान आणि खांदा कापून डोकं फिरवलं. म्हणजे अख्खा माणूसच उलटा केला, सोपं नव्हतं, पाठ परत बांधावी लागली. उजवा हात छातीवर, खिशावर, बोटं अर्धी मिटलेली. लगेच फरक. चेहऱ्याला मी हातसुद्धा लावला नाही आज, तोच चेहरा, तेच उघडं तोंड, आणि माणूस झोपलाय. मेलेल्याचं सगळं अंग सोडलेलं असतं, झोपलेल्याने कुठेतरी काहीतरी धरून ठेवलेलं असतं. मग पायाचं पण केलं, बाहेर आलेल्या पायाचा अंगठा थोडा आत वळवला. चपला खाली, एक उलटी.

पापण्यांवर घालवलेला दीड तास आठवून राग आला.

२५ जून
कोळीण-मांजर दोन दिवसांत झाली, विशेष लिहिण्यासारखं नाही. मांजरीला डोळे फक्त दोन टोचे, कारण ती पाठ करून बसलीये, सगळी गंमत पाठीत आणि कानात आहे. एक कान थोडा मागे वळवला, म्हणजे बघत नाहीये पण ऐकतेय.

बकरी मात्र जिवावर आली. मला ती मागच्या दोन पायांवर उभी राहून झाडाचा पाला ओढताना हवी होती. पायात बारीक तार घातली, जशी शाडूच्या कामात काडी-तार घालतो तशी.

३० जून
बकरीचे दोन्ही मागचे पाय उभे चिरले. तारेमुळेच. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, मग माती फाटणारच. मळलेल्या मातीची किंमत असते म्हणून सांगते, भाजायच्या कामात आत तार, काडी, खिळा काही ठेवू नका. आधार हवा तर बाहेरून, त्याच मातीच्या गोळ्यांचा, म्हणजे दोन्ही एकसारखे आकसतात.

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयात गेले होते, तिथली म्हशीची मूर्ती डोळ्यासमोर आहे, जनावराचं वजन नक्की कुठे पडतं ते तिच्याकडे बघून कळतं. त्याच करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ चा, पण तो ब्राँझचा, ब्राँझचा घोडा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. माझ्या बकरीचे पाय मातीचे, करंगळीएवढे. हट्ट सोडला. झाडाचं खोड केलं, जाड, पोकळ, आणि बकरीचं पोट आणि पुढचे दोन्ही पाय खोडाला टेकवले. आता वजन खोडावर, मागचे पाय नुसते दाखवायला. दिसायलाही बरं वाटतं, जास्त हावरट दिसते.

४ जुलै
किचनचं सिंक तुंबलं. माझाच प्रताप, हात आणि ब्रश तिथेच धुवायचे. प्लंबर ५००. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आता दोन बादल्या: पहिलीत हात धुवायचे, रात्रभर गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी कुंडीला, गाळ परत मातीत. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

९ जुलै
पोकळ करायचं काम. माती चामड्यासारखी झाली की (दाबलं तर ठसा उमटतो पण वाकत नाही अशी) तंगुसाने कापायचं, आतून तारेच्या कोरणीने माती काढायची, भिंत बोटाएवढी जाड ठेवायची, आणि परत जोडायचं. जोडताना दोन्ही बाजूंना काट्याने उभ्या-आडव्या रेघा, त्यावर मातीचा घोळ, घोळात चमचाभर व्हिनेगर, आणि दाबून किंचित हलवायचं. रिक्षावाल्याचं डोकं आणि छाती पोकळ केली. कोळणीला खालून कोरली. मांजर अंगठ्याने आतून.

रिक्षाची सीट तशीच ठेवली. चौकोनी ठोकळा, त्यात काय कोरायचं, वजन राहिलं तर बरंच, असं म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

१४ जुलै
पाऊस थांबायचं नाव नाही. बाल्कनीतली दोरीवरची टॉवेल तीन दिवस ओली, तिथे माती काय सुकणार. घाई म्हणून रात्री पंखा लावला. सकाळी मांजरीचा एक कान आणि बकरीचं एक शिंग तडकलेलं. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग ओलाच असतो, मग जोडावर भांडण. आता उलट करतेय: कान, शिंगं, बोटं यांना ओलसर टिश्यू आणि वर प्लास्टिकचे तुकडे, आणि जाड भाग उघडा. खाली वर्तमानपत्राचे दोन थर, म्हणजे आकसताना बूड सरकतं, फळीला चिकटून फाटत नाही. पंखा बंद. प्लास्टिकच्या आत काळी बुरशी आली, तिची काळजी नाही, भट्टीत जळते.

२३ जुलै
गालाला लावून बघितलं, थंड लागलं नाही, म्हणजे सुकलं असं धरलं. रिक्षाने ऐरोलीला. विटाव्याच्या पुलाखाली पाणी होतं, रिक्षावाल्याने अर्धा तास थांबवलं. तीन मूर्ती गोधडीत गुंडाळून मांडीवर आणि बाजूला टबात. भाजण्याआधीची सुकी माती बिस्किटासारखी असते, ओली असताना जितकी दणकट तितकी आता नाजूक. ठाणे-बेलापूर रोडच्या एका खड्ड्याला बकरीचा जोडलेला शिंग-तुकडा परत पडला. रिक्षावाल्याला सांगितलं की आत झोपलेला रिक्षावाला आहे, त्याने बघायला मागितलं, बघितलं, मग उरलेला रस्ता बैलगाडीसारखा चालवला आणि मीटरच्या वर एक पैसा घेतला नाही.

ताईंनी विचारलं, "पूर्ण सुकलंय ना?" मी हो म्हटलं.

२६ जुलै
फुटलं.

ताईंचा सकाळी फोन. रिक्षावाला कमरेखाली पूर्ण गेला, सीटचे तुकडे सगळ्या भट्टीत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे तीन कप त्या तुकड्यांनी फुटले. सीटचा ठोकळा सहा सेंमी जाड, बाहेरून खडखडीत, आत ओल. १०० डिग्रीच्या वर त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला जागा नसली की ती जागा करून घेते. ताईंनी भट्टी हळूच तापवली होती, त्यांची काही चूक नाही, चूक माझ्या "हो"ची. कपांचे ६०० दिले, त्या नको म्हणत होत्या.

कोळीण-मांजर धड आली, ९५० डिग्रीला, छान विटकरी. बकरी पण धड, एका शिंगाची. शिंग नंतर चिकटवलं.

रिक्षावाल्याचं डोकं, छाती आणि खिशावरचा हात शाबूत होता. तो तुकडा कळव्याला आणून शेल्फवर ठेवलाय. काकांना दाखवला नाही.

२८ जुलै ते ३ ऑगस्ट
परत पहिल्यापासून. या वेळी पाच संध्याकाळींत झालं, कारण काय करायचं ते माहीत होतं आणि जुना तुकडा समोर होता (तो आकसलेला, म्हणून मापं सगळी वाढवून घ्यावी लागली, पहिल्या दिवशी विसरले आणि डोकं लहान झालं, परत केलं). सीट खालून पूर्ण पोकळ, आत आधाराला एक उभी भिंत, त्या भिंतीला पण भोक. मागून आणि खालून पेन्सिलीएवढी सहा भोकं. माणसाच्या पोटातून सीटमध्ये एक भोक, म्हणजे आतली सगळी हवा एकमेकांशी जोडलेली.

काका एकदा वर आले, बिल्ला डाव्या बाजूला हवा म्हणाले. केला. उजव्या छातीवर हात आणि डाव्या छातीवर बिल्ला, मग म्हणाले खिसा पण डावीकडे असतो ना गं. बरोबर. शर्टाचा खिसा डावीकडे असतो. पहिल्या मूर्तीत मी खिसा उजवीकडे काढला होता आणि आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. खिसा डावीकडे नेला, उजवा हात छातीवरून आडवा डाव्या खिशावर आला. आणि हे पहिल्यापेक्षा चांगलं झालं, हात आडवा आल्यावर खांदा पुढे ओढला गेला आणि सगळं अंग त्या खिशाभोवती वळलं. बिल्ला खिशाच्या वर, अर्धा बोटांआड.

१२ ऑगस्ट
सुकलंय की नाही ते गालाला विचारणं बंद. किचनमधला वजनकाटा. ४ तारखेला ३ किलो ६२० ग्रॅम होता, काल २ किलो ९८५. वजन रोज उतरतंय तोपर्यंत पाणी आहे, सलग तीन दिवस काटा हलला नाही की मगच भट्टी. एवढा साधा उपाय घरात ओट्यावर पडलेला होता.

१५ ऑगस्ट
तारीख हुकली. वजन २ किलो ९४०, अजून उतरतंय. वाढदिवसाला कच्चीच मूर्ती दाखवायला काकांना वर बोलावलं, हात लावू नका म्हटलं, त्यांनी लावलाच, सुदैवाने सीटला.

२१ ऑगस्ट
१७, १८, १९ ला काटा २ किलो ९२५ वर अडकून बसला. १९ ला ऐरोली, आज भट्टी उघडली. ताईंनी रात्रभर ८०-९० डिग्रीला ठेवली होती, मग सावकाश वर, ५७३ च्या आसपास तर अजूनच हळू कारण तिथे मातीतल्या वाळूचे कण एकदम फुगतात, उतरताना पण तेच. धड! सीटच्या मागच्या कडेला केसाएवढी एक चीर आहे, ती मागून आहे. पाव भट्टीचे ८००.

रंग लावला नाही. बुटाचं तपकिरी पॉलिश अगदी थोडं, फडक्याने चोळलं, सुरकुत्यांमध्ये राहू दिलं आणि वरून पुसलं. जुन्या टूथब्रशने घासलं की मंद चमक येते. आधी खापराच्या तुकड्यावर करून बघा, माझा पहिला हात फार गडद झाला होता.

२४ ऑगस्ट
मूर्ती दिली. काकांनी टीव्हीच्या बाजूला ठेवली आणि ताबडतोब विचारलं, बाकीची रिक्षा कधी करतेस. काकू आतून आल्या, हात पुसत बघितलं, आणि काकांना म्हणाल्या, "म्हणजे असा झोपायचात, आणि घरी येऊन सांगायचात आज धंदा नाही."

६ सप्टेंबर
वाटलं होतं संपलं. सकाळी मांजरीच्या पाठीवरून नखाएवढा टवका उडालेला, आत पांढरा ठिपका. भाजून सव्वा महिना झालाय! शोधलं तर कारण मीच. ज्या फळीवर मळलं त्याच फळीवर गेल्या वर्षी प्लास्टरचे साचे ओतले होते, फटीत त्याचे कण राहिलेले, ते मातीत गेले. भाजलेलं प्लास्टर हवेतली ओल ओढतं, फुगतं आणि वरची माती उडवतं, आणि पावसात कळव्याला ओल काय कमी आहे. पांढरा कण सुईने पूर्ण काढला, विटेची पूड एमसीलमध्ये कालवून भरलं, वर पॉलिश. जवळून दिसतं. काकांच्या मूर्तीची माती पण त्याच फळीवर मळलेली, तेव्हा रोज खाली गेले की आधी नजर तिकडेच जाते. अजून तरी ठीक आहे. काकांना सांगून ठेवलंय, टवका उडाला तर टाकू नका, मला द्या.

फळी फेकली. आता मार्बलचा तुकडा वापरतेय, एका दुकानाबाहेर पडलेला फुकट मिळाला.

खर्च: माती ६४०, खापराची पूड १५०, भट्टी १४०० आणि ८००, कप ६००, प्लंबर ५००, ऐरोलीच्या रिक्षा साधारण ७००, तंगूस-पॉलिश-प्लास्टिक २६०. एकूण ५०५०. मिळाले ४०००. तास मांडले नाहीत.

साडेतीन किलो माती उरलीये, बादलीत भिजत टाकलीये. ही पण त्याच फळीवरची, म्हणून आधी पातळ करून चाळणीतून गाळणार, मग काकांच्या रिक्षाचं बघू.